रस्ता कुठे जातो, ते आधी सांगा

संरक्षित डोंगरातून खासगी रस्त्याला सवलत मागणाऱ्यांचा युक्तिवाद ऐकायला अगदी साधा असतो. जमीन माझी आहे, सातबारा माझ्या नावावर आहे. मी तिथे कारखाना घालत नाही, हॉटेल बांधत नाही. माझ्या प्लॉटपर्यंत गाडी जाईल एवढा चार मीटरचा रस्ता मला हवा. मग ती जमीन डोंगरउतार विभागात असो, ना-विकास क्षेत्रात असो की अभयारण्याभोवतीच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये असो. निर्बंध बांधकामावर आहेत ना, मग ते बांधकामाला लावा. रस्त्याने कोणाचे काय बिघडते? विकास आराखड्यांवरच्या सुनावण्यांत हे बोलले जाते, तहसील कचेरीच्या आवारात बोलले जाते, आणि डोंगरांविषयी मनापासून आस्था असलेली माणसेही त्यावर मान डोलावतात. मला हा युक्तिवाद मुळातच चुकीचा वाटतो. संरक्षित डोंगरात रस्ता ही सगळ्यात किरकोळ गोष्ट धरली जाते, आणि तिथेच गफलत होते. डोंगराचे सर्वात मोठे आणि कधीच भरून न येणारे नुकसान रस्ताच करतो. पुढचे बाकी सगळे त्याच्या पाठोपाठ येते.

आधी त्या चार मीटरचे बघू. सह्याद्रीत एकास दोन असा उतार काही दुर्मीळ नाही: दोन मीटर पुढे गेलात की एक मीटर वर चढलात. अशा उतारावर चार मीटरचा रस्ता आणि डोंगराच्या बाजूला मीटरभराचे गटार काढायचे, तर पाच मीटरचा सपाट पट्टा लागतो. तो डोंगर खोदूनच मिळतो. वरची दरड पंचेचाळीस अंशांत उतरती ठेवली, तर मूळ उताराला जाऊन मिळेपर्यंत ती पाच मीटर उंच होते आणि आणखी पाच मीटर आत शिरते. कागदावर चार मीटर, डोंगरावर दहा मीटर. लांबीच्या प्रत्येक मीटरमागे साडेबारा घनमीटर माती-दगड निघतो. अडीचशे मीटरच्या रस्त्यात तीन हजार घनमीटरहून जास्त. दहा घनमीटरचा डंपर धरला तर तीनशेच्या वर खेपा. हा माल खाली वाहून नेऊन रीतसर टाकायचा तर खर्च रस्त्याच्या खर्चाशी स्पर्धा करू लागतो, म्हणून बहुतेक वेळा तो दरीच्या बाजूला लोटला जातो आणि उताराच्या खालच्या अंगावरची झाडे त्याखाली गाडली जातात. ती झाडे कुठल्याच अर्जात मोजलेली नसतात. शिवाय पंचेचाळीस अंशांची दरड ही कागदावरची शिस्त झाली. पोकलेन दरड जवळजवळ उभी कापतो, कारण त्यात वेळ आणि डिझेल वाचते, आणि उरलेली माती मग पहिल्या दोन पावसाळ्यांत रस्त्यावर येते.

राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत एकास पाच किंवा त्याहून तीव्र उतारावर विकासाला मनाई आहे, आणि त्या मनाईत उतार कापणे, सपाट करणे, भराव घालणे या तिन्ही गोष्टी येतात. नियम करणाऱ्यांना हे ठाऊक होते की डोंगर भिंतीच्या वजनाने मोडत नाही, त्याचा पाय कापल्याने मोडतो. म्हणून "बांधकाम नको, पण रस्ता चालेल" ही सवलत त्या नियमातला एखादा बारीकसा अपवाद ठरत नाही. नियमाने ज्याला मनाई केली, नेमके तेच तिच्यात मागितलेले असते.

ताम्हिणी-मुळशीच्या बाजूला किंवा पानशेतच्या वरच्या अंगाला अशी नवी कापलेली दरड जूनच्या शेवटी जवळून पाहावी. वरच्या काठाला कारवीची आणि झुडपांची मुळे हवेत लोंबत असतात. खाली हातभर काळसर माती. तिच्याखाली बोटांनी कुस्करता येईल असा पिवळट मुरूम, आणि त्याखाली कातळ. पाऊस मातीतून आणि मुरुमातून खाली उतरतो, कातळाला टेकतो आणि त्या सांध्यावरून उताराच्या दिशेने सरकत राहतो. दरडीने नेमका हा सांधा उघडा पाडलेला असतो, त्यामुळे पाणी तिथेच बाहेर येते आणि गटाराला लागते. गटार रस्त्याच्या वळणापर्यंत जाते आणि तिथे मोरी नसेल तर सगळा लोंढा एकाच जागी दरीत कोसळतो. समोर, रस्त्याच्या बाहेरच्या काठावर, सैल भरावात एक लांब भेग दिसते. भराव निघाल्याची ती खूण असते.

जे पाणी दरडीतून बाहेर पडले ते खालच्या झऱ्याला मिळत नाही. सह्याद्रीतले कितीतरी झरे कातळ आणि मुरूम यांच्या सांध्यावर, किंवा बेसॉल्टच्या दोन थरांच्या मधल्या लाल मातीच्या पट्ट्यावर फुटतात, आणि खालच्या वाडीला मार्च-एप्रिलपर्यंत पुरतात. वरच्या अंगाला खोल दरड कापली की ते पाणी पावसाळ्यातच धावून संपते. वाडीतल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा एप्रिलऐवजी फेब्रुवारीतच दूर जाऊ लागतो, आणि याचे कारण वर कुणाच्या तरी फार्महाऊसला केलेल्या रस्त्यात आहे हे तिला कोणी सांगत नाही. माझ्या जमिनीत मी काहीही करीन, हे म्हणणे या ठिकाणी संपते. डोंगरातले पाणी सातबाऱ्याच्या हद्दी पाळत नाही.

इथे माळीण, तळीये किंवा इर्शाळवाडीची नावे घेऊन वाचकाच्या काळजाला हात घालणे सोपे आहे. मी ते करणार नाही. ती गावे कोणाच्या खासगी रस्त्यामुळे गाडली गेली असे म्हणायला आधार नाही, आणि त्या माणसांचे मरण आपल्या युक्तिवादाला टेकू म्हणून वापरणे मला पटत नाही. माझा मुद्दा त्यांच्याशिवायही उभा राहतो. त्यासाठी कोणाला दाखला हवा असेल तर भीमाशंकर अभयारण्याच्या शेजारच्या पवनचक्की प्रकल्पाचा घ्यावा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात त्याची नोंद केली आहे. पवनचक्क्या म्हणजे स्वच्छ ऊर्जा, जमीन कमी लागते, धूर नाही. पण पाती आणि खांब वर न्यायला डोंगरात रुंद आणि तीव्र चढाचे रस्ते कापले गेले. जंगल त्या रस्त्यांनी तोडले, माती त्या रस्त्यांवरून वाहिली, दरडी त्या रस्त्यांवर कोसळल्या, आणि सगळा राडारोडा खालच्या शेतांत आणि जलाशयांत उतरला. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे आणि ती माझ्या दृष्टीने जास्त गंभीर आहे: त्या डोंगरांवर पिढ्यान्‌पिढ्या जाणाऱ्या लोकांना फलक आणि चौक्या लावून अडवले जाऊ लागले. खासगी रस्ता झाला की त्याला फाटक बसते. फाटकावर वॉचमन बसतो. गुराख्याची, मधाला जाणाऱ्याची, देवराईला जाणाऱ्याची जुनी वाट त्या फाटकाशी येऊन थांबते. प्रवेश मिळवून देण्यासाठी मागितलेली सवलत इतरांचा प्रवेश काढून घेते.

आता मालकीहक्काचे. आमची जमीन चारही बाजूंनी अडकली आहे, तिथे पोचण्याचा हक्क आम्हाला कायदा देतो, असे सांगितले जाते. कायदा काय देतो ते नीट वाचू. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. ती वाट शेतीसाठी आहे: बैल, औजार, माल यांसाठी. दुसरा आधार १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाचा. त्यात गरजेपोटीचा वहिवाटीचा हक्क मान्य आहे, पण त्याच अधिनियमाच्या कलम २८ मध्ये त्याची मर्यादाही लिहिली आहे: तो हक्क निर्माण झाला तेव्हा जेवढी गरज होती, तेवढाच तो हक्क. पायवाटेने पोचता येणाऱ्या वरकस जमिनीचा तुकडा विकत घेतला, तर पायवाटेचा हक्क मिळतो. पुढे तिथे शनिवार-रविवारसाठी बंगला बांधावासा वाटला आणि गाडी दारात उभी राहावी असे वाटले, म्हणून ती पायवाट मोटाररस्ता होत नाही. जमीन घेताना ती डोंगरउतार विभागात आहे हे झोन दाखल्यावर लिहिलेले होते. तिची किंमत त्याचमुळे कमी होती. कमी किमतीचा फायदा घ्यायचा, आणि ज्या निर्बंधामुळे किंमत कमी होती तो अन्याय म्हणून उठवून मागायचा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला मिळू नयेत.

वारसाने डोंगरातली जमीन आलेल्या शेतकऱ्याचे म्हणणे वेगळे आहे आणि त्याला मी या वाक्यात धरत नाही. त्याची गरज खरी आहे. त्याच्यासाठी वरची १४३ ची वाट आहे, पाणंद रस्ते आहेत, आणि ती कामे वर्षानुवर्षे रखडतात याचा राग मलाही आहे.

यापुढचा युक्तिवाद सर्वात वजनदार, म्हणून त्याला सर्वात जास्त जागा देतो. डोंगरातल्या धनगरवाड्यांना, कातकरी वस्त्यांना, ठाकरांच्या पाड्यांना रस्ता नाही. बाळंतपणाला निघालेल्या बाईला झोळीत घालून चार-पाच जण चिखलातून खाली आणतात. पावसाळ्यात दर वर्षी अशी बातमी येते. मग रस्त्याला विरोध करणारे शहरी पर्यावरणवादी या माणसांचे वैरी नाहीत का?

त्या झोळीचे उत्तर द्यायलाच हवे, आणि ते उत्तर रस्ता हेच आहे. फरक इतकाच की ते उत्तर कायद्यात आधीच आहे आणि ते खासगी रस्त्याच्या सवलतीतून येत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये वनजमिनीवर तेरा प्रकारच्या सार्वजनिक सुविधांना मुभा आहे: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी, आणि रस्ताही. अट अशी की प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जमीन, हेक्टरी पंचाहत्तरहून जास्त झाडे तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. रस्ता सरकारने बांधायचा, सगळ्यांसाठी. या कलमाखाली प्रस्ताव करायला ना विकास आराखडा बदलावा लागतो, ना कुणाला विशेष सवलत द्यावी लागते. धनगरवाड्याला रस्ता मिळत नसेल तर तो प्रस्तावाची फाईल पुढे सरकत नाही म्हणून, निधी नाही म्हणून, पाच घरांच्या मतांना किंमत नाही म्हणून. झोनिंगने त्यांना अडवलेले नाही. आणि ज्यांना बंगल्यापर्यंत डांबर हवे आहे त्यांच्यापैकी किती जण त्या वाडीच्या ३(२) च्या प्रस्तावासाठी ग्रामसभेत बसलेले आहेत? वाडीची झोळी पुढे करून आपली गाडी वर नेण्याचा प्रयत्न मला असह्य वाटतो. शिवाय हे दोन रस्ते एका ठिकाणी जातही नाहीत. वाडी पठाराच्या पोटात पाण्याजवळ असते. बंगल्याचा प्लॉट दरी दिसेल अशा कड्याच्या धारेवर असतो.

रुग्णवाहिका आणि आग यांचा मुद्दा याच जातीचा. त्याचे उत्तर माथेरानने देऊन ठेवले आहे. हे गाव दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारीला आत घेत नाही. तिथे शाळा आहे, बाजार आहे, शेकडो खोल्यांची हॉटेले आहेत, हजारो माणसे राहतात, १९०७ पासून छोटी रेल्वे चालते. आजाऱ्यासाठी रुग्णवाहिका आहे, आगीसाठी बंब आहे, आणि ही वाहने सगळ्यांची म्हणून चालतात. २००३ मध्ये केंद्राने माथेरान परिसर इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून जाहीर केला तेव्हा ही मोटारबंदी टिकली, म्हणून तिथली तांबडी वाट आणि डोक्यावरची झाडी टिकली.

पण माथेरानची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. मोटारबंदीचा भार तिथे माणसाच्या खांद्यावर होता. हातरिक्षा ओढणाऱ्यांनी तो शतकभर वाहिला, आणि ही लाज आपण निसर्गप्रेमाच्या नावाखाली झाकली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही प्रथा सहा महिन्यांत बंद करा, त्या जागी ई-रिक्षा आणा आणि त्या आधी ओढणाऱ्यांनाच द्या, असे सांगितले. त्याच आदेशात दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य वाटेवर पेव्हर ब्लॉकला परवानगी दिली आणि आतल्या वाटांना व पायवाटांना ती नाकारली. अपवाद कसा करावा याचा हा नमुना मला वाटतो. एकच वाट, सगळ्यांसाठी, ठरलेल्या वाहनांना, ज्यांनी आजवर त्रास सोसला त्यांच्या हाती रोजगार, आणि त्या वाटेच्या पुढे काही नाही. असा अपवाद कोणी मागितला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

रस्त्यामुळे रोजगार येतो, हे म्हणणे मी थोडक्यात उरकतो. बंगल्याच्या दोन माणसांच्या वॉचमनगिरीसाठी डोंगराचा झरा द्यायचा हा सौदा कुठल्याही गावाने करू नये.

छोट्या-छोट्या सवलतींची बेरीज कशी होते याकडे मात्र थांबून पाहायला हवे. १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालेल्या वनसंरक्षण कायद्याच्या दुरुस्तीने रेल्वेमार्गालगतच्या किंवा सरकारी रस्त्यालगतच्या वनजमिनीतून वस्तीकडे, किंवा रस्त्याकडेच्या सुविधेकडे जाण्यासाठी प्रत्येक प्रकरणी ०.१० हेक्टरपर्यंतची जमीन कायद्याच्या बाहेर काढली. उत्तरेकडच्या सपाट प्रदेशात रस्त्याकडेच्या झाडांच्या पट्ट्याला संरक्षित वनाचा दर्जा होता, आणि त्यामागच्या घरांना स्वतःच्या दारात जायला दिल्लीची परवानगी लागत होती. ती अडचण खरी होती. पण ०.१० हेक्टर म्हणजे एक हजार चौरस मीटर, म्हणजे चार मीटर रुंदीचा अडीचशे मीटरचा रस्ता, आणि वर आपण पाहिले की उतारावर तेवढाच रस्ता अडीच हजार चौरस मीटर खाऊन शिवाय तीनशे डंपर माती सोडतो. मैदानात बेतलेला आकडा घाटात लागू होतो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. आणि मर्यादा प्रकरणाला आहे, डोंगराला नाही. एका उतारावर दहा प्लॉट असतील तर दहा अर्ज येतात, दहाही अर्ज आपापल्या मर्यादेत बसतात, आणि दहा रस्त्यांनी चिरलेला तो उतार कोणत्याही एका फाईलवर दिसत नाही. शेकरू एका झेपेत पाच-सहा मीटर ओलांडते. दहा मीटर मोकळ्या झालेल्या पट्ट्यावर तिला जमिनीवर उतरावे लागते. पावसात रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक आणि देवगांडूळ चाकाखाली जातात. कापलेल्या कडेने रानमोडी आणि घाणेरी आत शिरतात. हे सगळे पहिल्याच रस्त्याने सुरू होते.

एकेकट्या प्रकरणाला सवलत देण्याचा मार्ग शेवटी कुठे नेतो हे गोव्याने पाहिले. तिथे २०२३ मध्ये नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आले. प्रादेशिक आराखड्यात नजरचुकीने राहिलेल्या त्रुटी दुरुस्त करायच्या, असे त्याचे सांगितलेले कारण होते. प्रत्यक्षात एकेका मालकाच्या अर्जावर एकेक भूखंडाचा विभाग बदलू लागला, आणि भातशेत, बागायत, डोंगरउतार वसाहतीच्या रंगात गेले. गोवा फाउंडेशन आणि इतर संस्था न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले आणि कलमाचा अर्थ आखडून दिला. आराखडा लोकांच्या हरकती-सूचना घेऊन, सगळ्या प्रदेशाचा एकत्र विचार करून होतो. अर्जागणिक सवलत देणारा अधिकारी एकच सर्व्हे नंबर पाहतो. रस्त्याची सवलत तर याहूनही निसटती, कारण तिच्यात नकाशावरचा रंगही बदलत नाही. जमीन हिरवीच राहते आणि तिच्यातून डंपर जात राहतात. दोन वर्षांनी त्याच रस्त्याच्या टोकाला बांधकामाची मागणी येते, आणि तिचे पहिले कारण असे दिलेले असते की या जमिनीला आता पोचरस्ता आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. संरक्षित क्षेत्रातल्या खासगी रस्त्याचा अर्ज रुंदीवर तपासू नका, टोकावर तपासा. रस्ता कुठे जातो, तिथे आज काय आहे, तिथे उद्या काय होणार नाही, हे अर्जदाराने लेखी द्यावे आणि ते सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढवावे, म्हणजे जमीन विकली तरी नव्या मालकावर ते बंधन राहील. क्षेत्र संरक्षित झाल्यानंतर घेतलेल्या जमिनीला मोटाररस्त्याची सवलत मिळू नये, पायवाट पुरे. एका उतारावरचे सगळे अर्ज एकत्र मांडावेत, आणि द्यायचीच झाली तर एकच सामाईक वाट, फाटकाविना, ग्रामसभेच्या ठरावाने द्यावी. खालच्या झऱ्यांची नोंद काम सुरू होण्याआधीच्या उन्हाळ्यात गावासमक्ष व्हावी. आणि अट मोडली तर भराव काढून उतार पुन्हा बसवायला जो खर्च येईल, तेवढी अनामत पोकलेन डोंगरावर चढण्याआधी जमा करून घ्यावी.